अंतराळ वसाहत: आधी माणसं मोजा, मग घरं काढा

विद्यार्थ्यांनी गटात बसून अंतराळातली एक काल्पनिक वसाहत आखायची, हा उपक्रम मी मागच्या वेळी सुचवला होता. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून प्रश्न आले. त्यातले पाच घेतो.

"आमची शाळा खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. सातवी-आठवी मिळून २२ मुलं. प्रयोगशाळा नाही, मोबाइलला रेंजही धड येत नाही. सुरुवात कशी करू?" (एक शिक्षिका)

बाई, रेंजवाचून काहीच अडत नाही. फक्त पहिल्या दिवशी मुलांच्या हाती कागद आणि रंग देऊ नका. दिले की सगळे गट रॉकेट काढायला बसतात आणि घुमटात राहायचं कोणी, हे कुणालाच सुचत नाही. एका शाळेत मुलांनी माझ्यासमोर फार देखणा आराखडा मांडला. बाग होती, वाचनालय होतं, क्रिकेटचं मैदानही होतं. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "संडास कुठाय?" गट गप्प. पुढचे दोन तास आम्ही त्यावरच बोललो. मैला टाकायचा कुठे? बाहेर टाकता येत नाही, कारण एकदा गेलेलं पाणी परत येत नाही. मग त्याचं खत, खतावर भाजी, भाजीतून हवा. त्या दोन तासांत मुलांना वसाहत म्हणजे काय ते कळलं.

म्हणून पहिला दिवस हिशेबाचा ठेवा. प्रत्येकानं घरी एक दिवस पाणी मोजून यायचं: घागर, बादली, तांब्या, जे भांडं असेल त्यानं. आंघोळ, भांडी, धुणं, गोठा सगळं धरून. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेरीज करा आणि मग अंतराळातले आकडे सांगा. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. १०० माणसांना रोज ८४ किलो ऑक्सिजन आणायचा कुठून? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी करतात. २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. उरलेल्या २ टक्क्यांचा हिशेब मुलांनाच करू द्या. पिण्या-रांधण्यापुरतं माणशी ३ लिटर धरलं तरी १०० माणसांमागे रोज ६ लिटर जातं. वर्षाचं दोन हजार लिटरच्या वर, म्हणजे गच्चीवरच्या दोन मोठ्या टाक्या.

मग पाच गट करा: हवा, पाणी, अन्न, घरं आणि कारभार. पाण्याचा गट अन्नाच्या गटाला विचारल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही. कागद-रंग तिसऱ्या दिवशी.

"आमच्या गटाने ५० मीटर व्यासाचं फिरणारं कडं ठरवलंय, म्हणजे आत वजन जाणवेल. सर म्हणतात फार लहान आहे. का?" (नववीतला विद्यार्थी, बेळगाव)

अर्धी भरलेली लहान बादली घे आणि अंगणात हात ताठ ठेवून उभी गरगर फिरव. बादली डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही. पाणी सरळ जायला बघतं आणि बादलीचा तळ त्याला सारखा आत वळवत राहतो. तुझ्या कड्यात माणूस म्हणजे पाणी आणि बाहेरची भिंत म्हणजे बादलीचा तळ. ती भिंतच त्याची जमीन.

आता गणित. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, हे उत्तर ९.८ यायला हवं. तुझी त्रिज्या २५ मीटर, म्हणजे कड्याला मिनिटाला जवळजवळ ६ फेरे घ्यावे लागतील. जत्रेतल्या चक्रीत बसून मान वळवली की पोटात कसं ढवळतं ते आठव. कानातला तोल सांभाळणारा भाग असा गोंधळतो, आणि इथे तर तिथेच जेवायचं, झोपायचं. शिवाय दीड मीटर उंचीच्या मुलाला डोक्यापाशी पायांपेक्षा ६ टक्के कमी ओढ जाणवेल. मिनिटाला २ फेरे हवे असतील तर त्रिज्या सुमारे २२५ मीटर लागते, एकच फेरा हवा असेल तर सुमारे ९०० मीटर. १९७५ साली नासाच्या एम्स केंद्रात आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात जमलेल्या अभ्यासगटानं १०,००० माणसांसाठी कडं आखलं, त्याचा व्यास १.८ किलोमीटर. तेच उत्तर तुझ्या वहीत येतं की नाही, करून बघ.

सर बरोबर आहेत, पण तुमचं कडं लगेच खोडू नका. पृथ्वीइतकं वजन हवंच असं कुणी सांगितलं? मंगळाइतकं, म्हणजे ३८ टक्के, चालवून घेतलं तर मिनिटाला ३.७ फेरे पुरतात. तेवढ्यावर भागेल का, हे गटानं ठरवावं.

"चंद्र की मंगळ, यावरून मुलीच्या गटात आठवडाभर वाद चाललाय. कुणाचं बरोबर?" (पालक, टिळकवाडी)

दोघांचंही, ताई. चंद्रावरची रात्र आपल्या १४ दिवसांची, तेव्हा सौर पॅनेलवाल्यांनी तेवढ्या दिवसांची वीज साठवून दाखवावी. चंद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. त्याच्या तापमापकाला पृष्ठभागाशी ५० अंशांच्या वर आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास तापमान मिळालं. चंद्रवाल्यांनी जमिनीखाली घर का बांधावं, याचं उत्तर त्यात आहे. मंगळाचा दिवस आपल्यासारखाच, २४ तास ३९ मिनिटांचा. पण निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. मंगळवाल्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, चिठ्ठ्या दहा-दहा मिनिटांनी पोचवा आणि कुणाचा तरी हात मोडलाय असं समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावा.

"मुलगी आठवीत. वसाहतीत काय पिकवायचं म्हणून मलाच विचारते. मी तंबाखू-सोयाबीन करणारा माणूस, मला अंतराळातलं काय कळणार?" (शेतकरी, निपाणी परिसर)

दादा, त्या गटात तुमच्याइतकं जाणणारं दुसरं कोणी नाही. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ८ माणसं 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या बंद इमारतीत राहिली. शेती जेमतेम २५ गुंठे. बहुतेक अन्न त्यांनी तिथेच पिकवलं, पण पोट पुरतं भरत नव्हतं, वजनं उतरली. त्याहून मोठा घोर हवेचा. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला आणि शेवटी बाहेरून भरावा लागला. मातीत सेंद्रिय खत भरपूर होतं. ते कुजवताना सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत गेले. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीच्या काँक्रीटनं शोषला, त्यामुळे तो झाडांपर्यंत पोचून त्याचा पुन्हा ऑक्सिजन होईना. कुजायला हवा लागते, हे खताचा खड्डा उपसणाऱ्याला सांगावं लागत नाही. आराखडा करणाऱ्यांना ते फार उशिरा कळलं.

मुलीला तुम्हीच उलट विचारा. पीक किती दिवसांत हाती येतं? पाणी किती पितं? पुढचं बी त्यातूनच धरता येतं का? माशी नसेल तर फळ धरेल का? काड आणि भुसकट कुठे जाणार? सोयाबीन या सगळ्यात बरंच तरतं: प्रथिनं, तेल, मुळांवरच्या गाठींतून नत्र, आणि फूल स्वतःच फळतं. २५ गुंठ्यांत तंबाखूला जागा का नाही, हेही तिला तुमच्याच तोंडून कळू द्या. तुमचं ती ऐकेल.

"आमच्या शिबिरात मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं एकत्र असतात. वसाहतीची भाषा कोणती, यावरून पहिल्याच दिवशी गट फुटले. हा विषय टाळू का?" (शिबिर संयोजक, चिकोडी)

टाळू नका. पाटीवरची भाषा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. ते त्याच्या जगण्यातलं ज्ञान आहे, वापरू द्या. फक्त "भाषा कोणती?" असं सरळ विचारलं की मुलांच्या तोंडून घरातली मोठी माणसं बोलायला लागतात. म्हणून प्रश्न बारीक करा. मी असा विचारतो: रात्री दोन वाजता हवेची गळती सुरू झाली, भोंगा वाजला आणि सात वर्षांचं पोर एकटं जागं झालं. दारावर काय लिहिलेलं हवं?

घरी आईची भाषा, शाळेत दोन्ही, असं मुलं बहुतेक वेळा आपणहून ठरवतात. अवकाश स्थानकावर जाणारे इंग्रजी आणि रशियन दोन्ही शिकतात, हे त्यांना तेव्हा सांगा, आधी नको. कारभाराच्या गटाला सभेचं इतिवृत्त लिहायला सांगा. मराठीतलं कन्नड माध्यमाच्या मुलानं लिहायचं आणि कन्नडमधलं मराठी माध्यमाच्या. चुका होऊ देत.

दाराच्या त्या प्रश्नावर एका शिबिरात कन्नड माध्यमाच्या मुलीनं फळ्यावरची दोन्ही भाषांतली अक्षरं पुसली आणि नुसता बाण काढला. मराठी माध्यमाचा एक मुलगा म्हणाला, "दिवे गेले तर बाण दिसणार कसा?" मग दोघांनी मिळून भिंतीला दोरी बांधली, बाहेरच्या दारापर्यंत. तिला गाठी मारायच्या, दार जवळ येईल तशा जवळजवळ. गाठींमधलं अंतर किती ठेवायचं, यावर अख्खा तास गेला. शेवटी शिबिरातल्या सर्वांत लहान मुलाला पुढे बोलावून त्याची वीत मोजली.