व्हरमाँटचा कल 1992 मध्ये उलटला नाही. तक्त्यात एक रकाना कमी आहे

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षीय निकालांच्या 1856 पासूनच्या तक्त्यात व्हरमाँट हे राज्य 1988 पर्यंत (एक 1964 सोडलं तर) रिपब्लिकन आणि 1992 पासून डेमोक्रॅट दिसतं, तर एका निवडणुकीत एवढं कसं फिरलं? आणि 2016 ची टक्केवारी दोन ठिकाणी वेगवेगळी का?

पहिल्याचं उत्तर तक्त्यातच आहे, फक्त विजेत्याच्या रकान्यात ते दिसत नाही. आणखी एक रकाना घ्या: रिपब्लिकन उमेदवाराची व्हरमाँटमधली टक्केवारी वजा त्याची देशभरातली टक्केवारी. राज्य देशाच्या मानाने कुठे उभं आहे ते त्यातून कळतं.

1936 पासून सुरुवात करा. त्या वर्षी डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट 523 विरुद्ध 8 असे निवडून आले. ती 8 निर्वाचक मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं) म्हणजे मेन राज्याची 5 आणि व्हरमाँटची 3. रिपब्लिकन उमेदवार लँडन यांना देशात 36.5 टक्के, व्हरमाँटमध्ये 56.4 टक्के. फरक अधिक 20. याच वर्षी मार्चमध्ये, गावसभांच्या दिवशी, व्हरमाँटच्या मतदारांनी ग्रीन माउंटन पार्कवे नावाचा रस्ता नाकारला होता. मंदीचे दिवस, केंद्राचा पैसा आणि हाताला काम समोर असताना नाकारला. नोव्हेंबरचा निकाल समजून घ्यायचा असेल तर मार्चचा हा कौल शेजारी ठेवून वाचावा. केंद्राचा हात आपल्या डोंगरात नको, ही भावना पक्षनिष्ठेइतकीच खोल होती.

पुढे 1960 मध्ये निक्सन यांना इथे 58.6 टक्के, देशात 49.6. म्हणजे अधिक 9. 1964 मध्ये गोल्डवॉटर यांना 33.7, देशात 38.5. उणे 5 च्या आसपास. 1856 पासून सलग 27 निवडणुका रिपब्लिकन उमेदवाराला देणाऱ्या राज्याने पहिल्यांदा डेमोक्रॅट निवडला तो इथे, आणि जॉन्सन यांना तब्बल 66 टक्के दिले. ही लाट होती, वळण नव्हे. कारण 1968 मध्ये निक्सन यांच्यासाठी फरक पुन्हा अधिक 9 झाला आणि 1976 मध्ये फोर्ड यांच्यासाठीही अधिक 6 राहिला.

आता 1980 बघा. रेगन यांना देशात 50.7, व्हरमाँटमध्ये 44.4. उणे 6. राज्य रेगन यांनीच जिंकलं, म्हणून विजेत्याच्या रकान्यात काहीच हललं नाही, पण वळण हेच आहे. उरलेली मतं गेली कुठे? जॉन अँडरसन या अपक्षाकडे, जवळजवळ 15 टक्के. अँडरसन हे मूळचे इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार, मवाळ वळणाचे. ज्या रिपब्लिकन मतदाराला रेगन यांचा पक्ष आपला वाटेना पण डेमोक्रॅटला मत द्यायला हात धजेना, त्याला ही मधली पायरी मिळाली. 1984 मध्ये फरक उणे 1, 1988 मध्ये उणे 2. त्यानंतर रिपब्लिकन उमेदवार इथे देशाच्या सरासरीवर आलाच नाही. 1992 मध्ये डेमोक्रॅट क्लिंटन 46, रिपब्लिकन बुश 30, अपक्ष पेरो 23 टक्के. फळ तेव्हा हाती आलं इतकंच.

कारणं एकाहून जास्त आहेत. आंतरराज्य महामार्ग झाल्यावर बॉस्टन आणि न्यूयॉर्ककडून माणसं राहायला आली. साठ-सत्तरच्या दशकांत शेतीकडे वळलेली तरुण मंडळी आली. बर्लिंग्टनजवळ एसेक्स जंक्शनला आयबीएमचा कारखाना होता. पण सगळं श्रेय बाहेरून आलेल्यांना देणं मला चुकीचं वाटतं. इथला जुना रिपब्लिकन हा गुलामगिरीविरोधी परंपरेतला, गावसभेत वाढलेला आणि खर्चाला चाप लावणारा. पक्षाचं वजन दक्षिणेकडे सरकलं तसा तो जागच्या जागी परका होत गेला. राज्याच्या पातळीवर ही हालचाल आधीच दिसते: 1962 मध्ये फिलिप हॉफ शंभराहून अधिक वर्षांतले पहिले डेमोक्रॅट गव्हर्नर झाले, 1974 मध्ये पॅट्रिक लेही इथून निवडून आलेले पहिले डेमोक्रॅट सिनेटर.

आता 2016. हिलरी क्लिंटन यांची मतं दोन्हीकडे सारखीच आहेत: 1,78,573. फरक छेदात आहे. एकीकडे एकूण 3,20,467 धरले आहेत, म्हणून 55.72 टक्के, दुसरीकडे 3,15,067, म्हणून 56.68. मधली 5,400 म्हणजे या पदासाठी कोऱ्या सोडलेल्या आणि बाद मतपत्रिका. राज्याचा हिशेब त्या मोजतो, बहुतेक राष्ट्रीय तक्ते मोजत नाहीत. कुठलाही छेद घ्या, पण सगळ्या वर्षांना तोच ठेवा. एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरा झाला की एखादा टक्का हवेत तयार होतो आणि लोक त्यावरून कल बदलल्याचे निष्कर्ष काढतात.

त्याच वर्षी व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स उमेदवार नसतानाही 18,218 जणांनी त्यांचं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहिलं. ती मतं 'इतर' मध्ये ढकलू नका, स्वतंत्र ओळ द्या. 2020 मध्ये बायडन यांची मतं एकदम 2,42,820 वर गेली, त्यातला काही भाग डेमोक्रॅटकडे परतलेल्या या मतदारांचा आहे. काही भाग वाढलेल्या मतदानाचा: त्या नोव्हेंबरपासून प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी जाते. म्हणून 2016 आणि 2020 ची तुलना मतसंख्येवर करू नये, टक्क्यांवर करावी.

तक्ता 1856 च्या मागे नेणार असाल तर तीन ठिकाणी अडाल. 1824 पर्यंत इथले निर्वाचक विधिमंडळ निवडत होतं, त्यामुळे 1828 च्या आधी जनतेच्या मतांचा रकाना रिकामाच राहणार. तिथे शून्य भरू नका, नाहीतर सरासरी बिघडते. 1832 मध्ये व्हरमाँटने विल्यम वर्ट यांना निवडलं. ते मेसनविरोधी पक्षाचे (फ्रीमेसन या गुप्त संघटनेला विरोध करणारा पक्ष), आणि त्यांना मिळालेलं हे देशातलं एकमेव राज्य. ती 7 निर्वाचक मतं व्हिग पक्षाच्या खात्यात टाकलेली दिसली तर तो तक्ता बाजूला ठेवा. तिसरं म्हणजे निर्वाचकांची संख्या. ती एकदा 8 होती, 1832 ला 7, 1884 पासून 4 आणि 1932 पासून 3. आजचे 3 मागच्या वर्षांना लावले तर 1912 चुकतं: टाफ्ट यांना देशात मिळालेली अवघी 8 मतं म्हणजे व्हरमाँटची 4 आणि युटाची 4. त्या वर्षी रिपब्लिकन टाफ्ट इथे 37 टक्क्यांवर जिंकले, त्याच पक्षातून फुटलेले थिओडोर रूझवेल्ट 35 वर होते. 'रिपब्लिकन बालेकिल्ला' म्हणताना ही दोन टक्क्यांची फट लक्षात असू द्या.

नकाशे वापरणार असाल तर रंगसूची आधी वाचा. लाल म्हणजे रिपब्लिकन हा संकेत 2000 च्या निवडणुकीनंतर पक्का झाला. जुन्या नकाशांत आणि काही संशोधकांच्या नकाशांत तो उलटा आहे. काउंटी 14 आहेत, पण मतं मोजतात आणि कळवतात ती गावं, गावाच्या कारकुनामार्फत. त्यामुळे बारीक पाहायचं तर काउंटीवर थांबू नका. 2008 आणि 2012 मध्ये ओबामांनी चौदाही काउंट्या घेतल्या. 2016 आणि 2020 मध्ये ईशान्य कोपऱ्यातली एसेक्स ट्रम्प यांच्याकडे गेली. लोकवस्ती अगदी विरळ असल्याने राज्याच्या बेरजेत तिचा धक्का जाणवत नाही.

शेवटचा रकाना गव्हर्नरचा जोडाच. 2024 मध्ये हॅरिस यांना इथे सुमारे 63 टक्के मिळाले, आणि त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन फिल स्कॉट 70 टक्क्यांच्या वर निवडून आले. त्याच वर्षी मार्चमधल्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध निकी हेली यांनी जे एकमेव राज्य जिंकलं, तेही व्हरमाँटच.