ब्रिटिश काळातल्या ‘नेटिव्ह ब्यूटी’ पोस्टकार्डांवरून तेव्हाच्या बायका खरंच कशा दिसायच्या हे कळतं का?

बरंच कळतं, पण फोटोखालचा मथळा बाजूला ठेवला तरच. ‘हिंदू ब्यूटी’, ‘नॉच गर्ल’ (नाचणारी), ‘बॉम्बे फिशरवुमन’ या ओळी पुष्कळदा कार्ड विकणाऱ्याने घातलेल्या असतात. एकाच निगेटिव्हचा फोटो दोन प्रकाशकांकडे दोन वेगळ्या जातींच्या नावाने छापलेला सापडतो. म्हणून मथळा सगळ्यात शेवटी वाचावा असं मी सांगेन. आधी काच (म्हणजे काचेची निगेटिव्ह), मग छापलेला कागद, मग बाई.

काचेपासून का, तर सगळ्यात मोठी फसगत रंगाची होते. १८५१ नंतर तीसेक वर्षं चाललेली ओली कोलोडियन प्लेट, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेली काच, फक्त निळा-जांभळा प्रकाश पकडायची. लाल आणि पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळं येतं, हळद लावलेला चेहरा काळवंडलेला येतो, सोनं मातकट दिसतं आणि फिकट निळं लुगडं पांढरं वाटतं. काळ्या चंद्रकळेचे लाल काठ लुगड्याच्या काळ्या रंगातच मिसळून जातात, मग पाहणारा म्हणतो, ‘बिनकाठाचं लुगडं नेसायचे वाटतं!’ गव्हाळ किंवा सावळी त्वचाही निळा प्रकाश कमी परतवते, म्हणून ती प्रत्यक्षापेक्षा बरीच गडद उमटते. अशा फोटोवरून कुणाच्या वर्णाबद्दल काहीही बोलू नये. त्या काळात मात्र याच फोटोंवरून ‘वंश’ ठरवले गेले. १८६८ ते १८७५ दरम्यान सरकारने काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत साडेचारशेहून अधिक फोटो जाती-जमातींच्या नावाखाली बसवलेले आहेत.

याच्या उलट दोष रिटचिंगचा, म्हणजे फोटोवर हाताने केलेल्या दुरुस्तीचा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की तिथून प्रकाश कमी जातो आणि छपाईत ती जागा उजळते. गाल भरणं, डोळ्यांखालची वर्तुळं पुसणं हे सगळं असंच चाले. ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याची तुलना मानेशी आणि हातांशी करा. चेहरा तुकतुकीत पण बोटांवर सुरकुत्या, किंवा हनुवटीखाली एकदम दोन छटा गडद मान, म्हणजे पेन्सिल फिरली आहे. माझं लक्ष नेहमी हातांकडे असतं. हातांवर मेहनत घ्यायला स्टुडिओवाल्याला सहसा वेळ नसे, त्यामुळे कष्टाचे हात तसेच राहिलेत.

भिंगाखाली छपाईही कळते. फोटो छापायच्या दोन पद्धती होत्या असं समजा: सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर हाफटोन, वेडेवाकडे बारीक सुरकुतल्यासारखे कण दिसले तर कोलोटाइप. रंगीत कार्डावरचा रंग मात्र पुरावा धरू नका. पुष्कळ कार्डं जर्मनीत छापली जात आणि रंग तिथेच चढे; रंग देणाऱ्यापुढे मूळ लुगडं नसायचं. त्याच फोटोच्या दुसऱ्या आवृत्तीत लुगडं हिरव्याचं लाल होतं.

मग नथ बघा. मराठी बायकांची नथ डाव्या नाकपुडीत असते. ती उजवीकडे दिसली तर कार्ड आरशातल्यासारखं उलटं छापलं असण्याची शक्यता आहे, किंवा बाई दुसऱ्या प्रांतातली आहे. बटणं, मागची पाटी, हातातलं पुस्तक यांवरून पडताळा. नऊवारीचा कासोटा समोरून काढलेल्या फोटोत झाकला जातो, त्यामुळे नेसण्याबद्दल काही ठरवायचं तर बाजूने काढलेला फोटो शोधा.

काळ ठरवताना पोस्टाच्या शिक्क्यावर विसंबू नका. १८७०च्या दशकातली निगेटिव्ह १९०५ सालच्या कार्डावर सर्रास येते. मागची बाजू मधोमध रेघ मारून विभागलेली असेल तर कार्ड १९०२ नंतरचं. ती पद्धत आधी ब्रिटनने मान्य केली, बाकी देशांनी पुढच्या चार-पाच वर्षांत. यावरून कार्डाचं वय कळतं, फोटोचं नाही.

पार्श्वभूमीवरही भरवसा नको. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या लोकांवर १८६३ आणि १८६६ मध्ये काढलेल्या दोन खंडांत वेगळीकडे टिपलेल्या माणसांमागे मुंबईची दृश्यं जोडलेली आहेत. स्टुडिओतला गालिचा, खांब, हुक्का तर तिथलेच. दोन ‘वेगळ्या’ बायकांच्या फोटोंत तोच गालिचा दिसला तर स्टुडिओ तोच, आणि कधी कधी दागिनेही तेच.

आता मूळ मुद्दा: कॅमेऱ्यापुढे होतं कोण? पडद्यातल्या घरंदाज बाया परपुरुषापुढे बसत नसत. म्हणूनच छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादला बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईकडे सोपवला. तिथले फोटो घरातल्यांसाठी, बाजारासाठी नव्हेत. बाजारात विकल्या गेलेल्या ‘सुंदरी’ बऱ्याचदा गाणाऱ्या-नाचणाऱ्या किंवा मजुरी करणाऱ्या बाया होत्या. छायाचित्रकार दरोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये लखनौच्या गायिका-नर्तकींचे चोवीस फोटो पुस्तकात काढले. तिथे निदान त्यांना कलावंत म्हणून ओळख होती. बाकी हजारो कार्डांवर बाईला नावच नाही, आणि हे मला अतिशय टोचतं. त्यातही उघड्या अंगाने उभ्या केलेल्या आदिवासी आणि दलित जातींच्या बायकांचे फोटो ‘जुनं निरागस सौंदर्य’ म्हणून आज पुढे पाठवू नयेत. त्यांची परवानगी कुणी घेतली होती, याचा त्या कार्डावर काहीच पुरावा नसतो.

तुमच्याकडे अशी कार्डं असतील तर नोंद करताना मूळ मथळा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवा. त्याखाली स्वतःच्या शब्दांत फक्त दिसतं तेवढं लिहा: ‘नऊवारी नेसलेली तरुण बाई, डाव्या नाकपुडीत नथ, स्टुडिओ, नाव अज्ञात’. जात आणि धंदा मथळ्याच्या भरवशावर लिहू नका. स्कॅन दोन्ही बाजूंचं, कमीत कमी ६०० डीपीआयवर आणि कडांसकट करा, कारण प्रकाशकाचं नाव आणि क्रमांक बहुधा कडेलाच असतो. तोच क्रमांक घेऊन दुसरी आवृत्ती शोधता येते.