समृद्धी महामार्गासाठी व्हर्टस १.५ घ्यावी का? मी १.० चालवतो, माझं मत

भाऊ, तुम्ही लिहिलंत की गाव दारव्हा तालुक्यात, रोज यवतमाळला जाणं-येणं, महिन्यातून एकदा कारंजाहून समृद्धीने संभाजीनगरला बहिणीकडे, आणि बहुतेक वेळा आई-बाबा नि लेकरू सोबत. चालवायला मजा यावी म्हणून फोक्सवॅगन व्हर्टस ठरवली, पण १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) घ्यावी की समृद्धीसाठी दीड लिटरची १.५, इथं अडलात.

मी कारंजाकडचा. तीन वर्षं झाली १.० मॅन्युअल चालवतो. काकाच्या पोराकडे १.५ डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरची) आहे, तीही भरपूर चालवली आहे. माझ्या मते १.५ घ्यायचं तुमचं कारण चुकलं आहे. तिची गरज समृद्धीवर पडत नाही, दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर पडते.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा. रस्ता रुंद, समोरून कोणी येत नाही. तिथं १.० सहाव्या गिअरमध्ये चार माणसं घेऊन आरामात १२० धरते. १.५ ची ताकद तिथं नुसती पडून राहते, आणि ती वापरायचा मोह होतो तोच धोका. १०० चं १२० झालं की गाडीच्या अंगातली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, थांबायचं अंतरही जवळपास त्याच हिशेबात. ब्रेक म्हणाल तर आमच्या दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम. मोठं इंजिन घेतलं म्हणून मागे डिस्क मिळत नाही. वरून उन्हाळ्यात ते काँक्रीट असं तापतं की टायरची हवा थंड असताना पाहिल्याशिवाय मी कारंजाच्या इंटरचेंजवर चढतच नाही.

आता तुमच्या रोजच्या रस्त्याचं. समजा पुढे ट्रक ६० ने चालला आहे आणि त्याला ओलांडून सुरक्षित आपल्या बाजूला यायला तुम्हाला त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त कापायचे आहेत. सरासरी ८० ने ओलांडलात तर सात सेकंद लागतात. त्यात तुम्ही १६० मीटर जाता, समोरचा ८० ने येत असेल तर तोही १६० मीटर येतो. म्हणजे सव्वातीनशे मीटर रस्ता रिकामा पाहिजे. तेच सरासरी ९० ने ओलांडलंत तर पाच सेकंदांच्या आत काम होतं आणि सव्वादोनशे मीटरमध्ये भागतं. हे मधले शंभर मीटर, १.५ चे जास्तीचे पैसे त्यांचे आहेत.

कागदावर १.० तीन सिलिंडरची, ताकद ११५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १७८ न्यूटन मीटर. १.५ चार सिलिंडरची, १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. माझा अनुभव पीएसपेक्षा टॉर्कचा जास्त आहे. मी एकटा असलो की १.० मस्त पळते, कधी कमी वाटली नाही. पण मे महिन्यात ४५ अंशांत एसी सुरू, मागे तिघं, डिक्कीत सामान, अशा वेळी चौथ्या गिअरमध्ये ट्रकमागे अडकलो की तिला दम लागतो. तिसरा टाकावा लागतो, कधी दुसरा, आणि टर्बो भरेपर्यंत एक श्वास थांबावं लागतं. तो एक श्वास मला दरवेळी जाणवतो. भावाच्या गाडीत पाय दाबला की काम होतं.

पण आपल्याकडे ओलांडायची वाहनं ट्रकच असतात असं नाही. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या निघतात, मागे दिवा नाही, गाठोडी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. पाऊस पडला की वावरातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळा चिखल सांडत जातात. तो निसरडा असतो, आणि ताकद पुढच्याच चाकांवर येते, तिथं २५० न्यूटन मीटर काही कामाचे नाहीत. संध्याकाळी रोही (नीलगाय) आडवा आला तर त्याला तुमची गाडी कोणती याच्याशी देणंघेणं नाही. सोहोळ अभयारण्याच्या पट्ट्यात मी अंधार पडला की साठच्या वर जात नाही, आणि तुम्हालाही हात जोडून तेच सांगीन.

एक घोळ आधीच मिटवा. ‘जीटी’ बिल्ला पाहून फसू नका. ‘जीटी लाइन’ला रूप काळं, स्पोर्टी, पण इंजिन १.० च आहे. १.५ पाहिजे असेल तर ‘जीटी प्लस’ बघा. गाडीखालची मोकळी जागा दोन्हींना सारखीच, १७९ मिलीमीटर. पांदण रस्त्यावर दोन्ही सारख्याच घासतात. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीचे पाच तारेही दोघींना. लांबी चार मीटरच्या वर असल्यामुळे इंजिन लहान म्हणून जीएसटीत सूट मिळेल हेही नाही.

डीएसजीबद्दल थोडं. हिचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडलेला आहे, त्याला मुंगीच्या चालीनं सरकणं मानवत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीत पाय ब्रेकवर ठेवून इंच इंच सरकण्यापेक्षा जागा होऊ द्यावी, मग पुढे जावं. मला विचाराल तर १.५ मॅन्युअल मिळत असेल तर तीच घ्या.

म्हणजे मी १.५ च सांगतो आहे, कारण तुम्ही रोज दोन पदरी रस्त्यावर भरल्या गाडीनं जाता. फक्त ती स्वतःच्या पैशानं होत असेल तरच. जास्तीचा हप्ता सोयाबीनच्या भावावर टांगून ठेवायचा असेल तर नका घेऊ. भाव पडल्यावर हप्ता थांबत नाही, आमच्या घरानं ते वर्ष पाहिलं आहे. मग १.० घ्या, टायर चांगले ठेवा, आणि ओलांडायच्या आधी गिअर खाली टाकायची सवय लावा. ओलांडायला निघाल्यावर नाही.

बुकिंगआधी दोन्ही गाड्या एकाच दिवशी, दुपारी बारा-एकला मागवा. आई-बाबांना मागे बसवा, एसी लावा आणि शोरूमवाला नेतो त्या रिंग रोडवर न जाता यवतमाळहून दारव्ह्याकडे निघा. रस्ता रिकामा दिसला की तिसऱ्या गिअरमध्ये ५० वरून ८० करून बघा, आणि आईला विचारा की कोणत्या गाडीत तिनं समोरची सीट घट्ट धरली.