घटस्फोटानंतर मुलीचा वारसाहक्क

ताई, आपले पत्र आणि दिरांनी पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा दोन्ही वाचले. 2016 साली इंदूरच्या कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीने आपला घटस्फोट झाला. पूर्वपतींनी पुन्हा लग्न केले नाही आणि मृत्युपत्र न करताच ते गेले. लोकमान्य नगरातले घर त्यांनी स्वकमाईने घेतलेले आहे आणि सासूबाई हयात आहेत. अशा स्थितीत आपला व 14 वर्षांच्या मुलीचा काही हक्क उरतो का, असे आपण विचारले आहे.

आपला उरत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 मध्ये पहिल्या वर्गाच्या वारसांत (म्हणजे ज्यांना मालमत्ता सर्वांत आधी मिळते त्यांत) विधवेला स्थान आहे. परंतु मृत्यूच्या दिवशी जी कायद्याने पत्नी होती तीच विधवा, आणि आपल्या हुकूमनाम्याने ते नाते त्याआधीच संपले होते. (दावा प्रलंबित असताना निधन झाले असते, तर उत्तर वेगळे असते.)

मुलीचे तसे नाही. घटस्फोट पतिपत्नींचा होतो, बाप-लेकीचा नव्हे. पहिल्या वर्गात मुलगी आणि आजी या दोघीच असल्याने घराचा निम्मा हिस्सा मुलीचा आहे. दीर दुसऱ्या वर्गातले असल्याने त्यांना यातले काहीच मिळत नाही. तडजोडीत ‘यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही’ असे आपण लिहून दिले असले, तरी मुलीचा पुढे उघडणारा वारसा आईला सोडून देता येत नाही.

मसुद्याच्या शेवटी ‘अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलीची पालक या नात्याने’ असे टंकलेले असून त्याखाली आपल्या सहीसाठी जागा मोकळी ठेवली आहे. तिथे सही करू नका, असे मी कळकळीने सांगतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 प्रमाणे न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना पालकाला अज्ञानाची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. केलीच, तर मुलीला ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. पण त्यासाठी तिला सज्ञान झाल्यावर मुदतीत कोर्टाची पायरी चढावी लागेल, आणि ती वेळ तिच्यावर का आणावी?

विमा पॉलिसीवर अजून आपलेच नामनिर्देशन आहे, हे मात्र जपून हाताळा. पत्नीला लाभार्थी मानणारी विमा कायद्यातली 2015 ची दुरुस्ती घटस्फोटितेच्या बाजूने लागू होईल, यावर मी विसंबणार नाही. पैसे हाती आले, तर मुलीचा हिस्सा तिच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवा.

नगर निगममध्ये (महापालिकेत) नामांतरणाचा, म्हणजे घराच्या नोंदीवरचे नाव बदलण्याचा, अर्ज झाला असल्यास मुलीचा जन्मदाखला जोडून लेखी हरकत नोंदवा. नामांतरणाने मालकी ठरत नाही, तरी पुढच्या खरेदीदाराला तोच कागद दाखवला जातो.