पूजेला बोलवा आणि पूजाला बोलवा

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. सातवीतल्या लेकीनं इंग्रजी निबंधात ‘रिव्हर’चा आर, ‘टर्मरिक’चा टी आणि ‘माय मदर’मधला एम कॅपिटल काढला, बाईंनी तिन्ही ठिकाणी लाल गोल केले, आणि लेक म्हणते, ‘महत्त्वाचे शब्द कॅपिटल करायचे असतात ना?’ हे ‘महत्त्वाचे’ आधी तिच्या डोक्यातून काढा. आई कितीही महत्त्वाची असली तरी ‘माय मदर’मधला एम लहानच. शेजारच्या उनाड पोराचं नाव मात्र मोठ्या अक्षरानंच सुरू होणार. बघायचं एवढंच, की शब्द जात सांगतोय की कुणा एकाचं ठेवलेलं नाव आहे. नदी, पूल, मुलगी ही जात, म्हणजे सामान्यनाम. कृष्णा, सांगली, पूजा ही ठेवलेली नावं, म्हणजे विशेषनाम.

मराठीत कॅपिटल नाही म्हणून आपल्या पोरांना हा फरक कळत नाही, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. मी सांगलीत छापखान्यात बसून वर्षानुवर्षं प्रुफं वाचतोय. आपल्या कानाला हा फरक पक्का कळतो, फक्त तो शब्दाच्या तोंडाला नाही, शेपटीला दिसतो. ‘पूजेला बोलवा’ म्हटलं की पाट, चौरंग, प्रसादाचा शिरा. ‘पूजाला बोलवा’ म्हटलं की वरच्या मजल्यावरची मुलगी. आईनं मायेनं जवळ घेतलं, पण दार उघडलं ते मायानं. शेतकरी पावसाच्या आशेवर बसतो, आणि घरची चावी सोपवायची तर आशावर विश्वास लागतो. जातीच्या शब्दाचं सामान्यरूप होतं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाची शेपटी बदलते, माणसाच्या नावाचं आज आपण करत नाही. लेकीला या जोड्या मोठ्यानं म्हणायला लावा, व्याख्या पाठ करायची गरज उरणार नाही.

एकदा माझ्याच नजरेतून निसटलं होतं. सत्यनारायणाच्या पत्रिकेवर ‘पूजाला अगत्य येणे’ छापून गेलं. नेमकी त्या घरातल्या पुतणीचं नाव पूजा. पाहुणे आठवडाभर तिला विचारत होते, ‘कधी येऊ गं तुला बघायला?’ पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापल्या.

ही खूण माणसांच्या नावापुरतीच धरा हं. गावं आणि नद्या जुन्या वळणानं चालतात. घोडा-घोड्याला तसं सातारा-साताऱ्याला. पूर कृष्णेला येतो, आणि वर्गातल्या मुलीचं नाव कृष्णा असेल तर डबा कृष्णाला द्यायचा. रामायणातली असेल तर सीतेला, आपल्या गल्लीतली असेल तर सीताला.

आता इंग्रजीकडे. 1929 साली बांधलेला आपला सांगलीचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल घ्या. ‘आयर्विन ब्रिज’ लिहिताना दोन्ही शब्द कॅपिटल, कारण इथं ब्रिज हा नावाचाच भाग आहे. पुढच्या वाक्यात नुसतं ‘द ब्रिज’ आलं की बी लहान. पावसाळ्यात अख्खी सांगली ‘पुलापाशी पाणी किती?’ असं विचारते. पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका. कुठला पूल हे कुणाला सांगावं लागत नाही, तरीही इंग्रजीत तो बी लहानच राहतो. सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि नाव असणं वेगळं.

हळदीचंही तेच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नोंदलेल्या नावात ‘सांगली टर्मरिक’चे एस आणि टी दोन्ही मोठे. पण दुधात घालायची ती टर्मरिक लहान टीचीच, मग ती कुठूनही आणा.

‘मदर’ला जरा जपून. ‘माय मदर’ लहान. पण ‘आय आस्क्ड मदर’मध्ये कॅपिटल, कारण तिथं तो शब्द नावाच्या जागी बसलाय. तपासायला सोपं आहे: त्या जागी आईचं नाव घालून बघा. ‘मी सुनीताला विचारलं’ हे वाक्य बसलं की एम मोठा. आधी माय, हर, युवर लागलं की लहान.

बाकी वार, महिने, भाषा कायम कॅपिटल. ऋतू नाहीत. मराठी आणि इंग्लिश हे विषय कॅपिटल, मॅथ्स आणि सायन्स वाक्यात लहान. यावर मुलं हमखास भांडतात, आणि खरं सांगू, त्यांचं चुकत नाही, दिसायला ते विचित्रच आहे. जर्मन भाषेत तर प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. तुमची लेक तिकडे असती तर नदी, हळद आणि आई, तिन्हींचे मार्क मिळाले असते.

एक मात्र बघा. तिनं नुसतं ‘द रिव्हर’ लिहिलं असेल तर बाईंचा गोल बरोबर आहे. पण ‘कृष्णा रिव्हर’ असं नाव लिहून आर मोठा काढला असेल, तर तो बरोबर आहे. वही घेऊन बाईंना भेटा. ते वाक्य जसंच्या तसं इथं लिहाल का?