देव मानत नाही, मग वर्षश्राद्धाला बसू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजपासून देव मानत नाही. गेल्या वर्षी वडील गेले. मला भाऊ नाही. दहाव्याला काकांनी चुलतभावाला पुढे केलं होतं. आई म्हणाली, "लेक असताना पुतण्या कशाला?" ठरलेल्या गुरुजींनी नकार दिला, दुसरे तयार झाले आणि रामकुंडावर पिंडदान मी केलं. आईला त्याचं फार समाधान आहे. पण विवेकवादी चळवळीत काम करणारा माझा एक मित्र म्हणाला, "जे खोटं आहे ते बाईने केलं म्हणून खरं होत नाही. मोडकळीला आलेल्या घराला तू रंग मारून दिलास." तेव्हापासून मला अपराधी वाटतंय. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. बसू की नको? धर्म आतून हळूहळू सुधारतो, यावर नास्तिकाने भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. "लेक असताना पुतण्या कशाला?" हे तुझ्या आईचं वाक्य मी दोनदा वाचलं.

मीही देव मानत नाही. पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर आयुष्य काढून आणि छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी या मताला आले आहे. पिंडाला कावळा शिवला की आत्मा तृप्त झाला, हे मला पटत नाही. कावळ्याला भूक लागते आणि माणसं बाजूला झाली की तो येतो. इथवर तुझ्या मित्राशी माझं भांडण नाही.

पण मला माझ्या वडिलांचा दहावा आठवतो. १९७४ साल, मी सोळा वर्षांची. आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नात्यातल्या एका वयस्कर बाईने तिचा हात पाट्यावर ठेवायला लावला आणि वरवंट्याने त्या फोडल्या. एक काच मनगटाच्या आतल्या बाजूला लागली. आईने पदर गुंडाळला, कुणाला बोलली नाही. त्याचा पांढरा वण शेवटपर्यंत राहिला. पुढे दर संक्रांतीला ती पहाटे उठून तिळगुळाचा पाक करायची, वाणाची सुगडं पुसून मांडून ठेवायची आणि चारच्या सुमारास बायका यायला लागल्या की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. स्वतःच्या घरात.

हे बावीस वर्षं चाललं. १९९६च्या संक्रांतीला धाकट्या भावाच्या बायकोने, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या, ते दार उघडलं. ती अतिशय भाविक, रोज पोथी वाचल्याशिवाय चहा घेत नाही. "आई, आधी तुम्ही," म्हणत तिने हळदीकुंकवाची कोयरी पुढे केली. आईने कपाळ पुढे केलं, पण हात मागे होते, दाराची कडी घट्ट धरलेली. माझ्या लेखी ते कुंकू म्हणजे रंगाची पूड. तरी त्या दिवशी आईच्या कपाळावर ते पाहून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बावीस वर्षं मी त्या घरात कर्मकांड निरर्थक आहे असं सांगत होते. माझ्या सांगण्याने ते दार उघडलं नव्हतं.

म्हणून तुझ्या मित्राला सांग, घर मोडकळीला आलंय हे कबूल, पण त्यात माणसं राहतात आणि छप्पर त्यांच्या अंगावर गळतं. श्रद्धा सुटली की ती बाहेर येतील हे खरं असलं, तरी तोवर त्यांनी भिजत राहावं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही 'धर्माची विधायक, कृतिशील चिकित्सा' हे आपलं एक काम मानलं. तुझा मित्र त्या परंपरेतला असेल, तर त्याला हे शब्द ओळखीचे असतील.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी तुझ्या मित्राइतकीच कडक आहे. 'हळूहळू' हा शब्द कोण उच्चारतं ते नीट बघत जा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. सबुरीने घ्या, एकदम नको, असं तेव्हाही सांगितलं जात होतं. सांगणारे दाराच्या आतले होते. बाहेर उन्हात बसलेल्या माणसांकडे सबुरीशिवाय दुसरं होतं काय? वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी सत्याग्रहातले आपले सहकारी भाऊराव (दादासाहेब) गायकवाड यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, आपल्या स्थितीची जाणीव होऊन त्यांच्यात बळ यावं म्हणून केला होता, असा त्याचा आशय आहे. मग १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंदिराच्या दक्षिण दरवाजावरून जाताना मला अजून या पाच वर्षांची आठवण होते. सुधारणेसाठी थांबायचं किती, हे थांबणाऱ्याने ठरवायचं. आणि कंटाळून तो निघून गेला, तर त्याला उतावळा म्हणायचं नाही.

हे एकाच धर्मापुरतं नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला; तोंडी तलाक बंद करा ही मागणी. सर्वोच्च न्यायालयाने तो तलाक रद्द ठरवला २०१७ साली. एक्कावन्न वर्षं. त्या काळात तीन शब्दांवर घराबाहेर पडलेल्या बायकांना 'हळूहळू'चा हिशोब कुणी दिला?

माझ्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट. धर्म स्वतःहून क्वचित बदलतो. बाहेरून रेटा येतो, कायद्याचा, शाळेचा, बायकांच्या हातातल्या पगाराचा, आणि मग आतली भली माणसं पुढे येतात. शनिशिंगणापूरला १ एप्रिल २०१६च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आठवड्याभरात चौथरा बायकांना खुला झाला. आदेश ज्या कायद्यावर आधारला होता, तो १९५६चा. कायदा साठ वर्षं कागदावर होता, तो वापरायला बायकाच उभ्या राहिल्या. उलट बाजूने बघ : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ती बातमी वाचताना माझं लक्ष आपोआप स्वतःच्या मनगटाकडे गेलं. आईला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. अशा ठरावासाठी उभं राहताना, तू देव मानतेस का, असं मी कुणाला विचारणार नाही.

तेव्हा भरवसा ठेवू नकोस, हातभार लाव. मी तरी तेच करते. कुणाच्या अंगावरचं ओझं आज उतरतंय का, एवढं बघते. तुझ्या पिंडदानाने वारस म्हणजे मुलगाच, हा समज एका कुटुंबात तरी मोडला. तुझ्या काकांच्या घरात मुली असतील, तर त्यांनी तो मोडताना पाहिला. यात अपराध कसला?

एक मात्र खटकलं. तू देव मानत नाहीस हे मित्राला माहीत आहे, मला माहीत आहे. आईला माहीत आहे का, ते पत्रात कुठेच नाही. तिला अंधारात ठेवून श्राद्धाला बसलीस, तर मित्राचा आक्षेप निदान अर्धा खरा ठरेल. आधी तिला सांग. "मी हे तुझ्यासाठी आणि बाबांच्या आठवणीसाठी करते, माझा त्यावर विश्वास नाही," असं सरळ म्हण. तिला दुःख होईल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. मग ती म्हणाली बस, तर बस. म्हणाली नको, तर त्या दिवशी बाबांच्या आवडीचा स्वयंपाक करा आणि श्राद्धाचा खर्च एखाद्या मुलीच्या फीला द्या. बसलीस, तर गुरुजींना मंत्रांचा अर्थ आधी विचारून घे आणि जे वाक्य जिभेवर येत नाही तिथे गप्प राहा. चांगले गुरुजी समजून घेतात, तुला एक भेटलेच आहेत. चुलतभावालाही बोलाव, पंगतीत वाढायला उभा राहू दे.

आणि आईची जागा मागे, भिंतीकडे ठेवू नकोस, तुझ्या शेजारी ठेव. सकाळी तिला विचार, कुंकू लावायचं आहे का. हो म्हणो, नाही म्हणो. गेल्या वर्षभरात तिला हे कुणी विचारलं नसेल.