स्पॅचुला, उलथने आणि बडोद्याचा तवेथा

लग्न होऊन बडोद्यास आलेल्या एका पुणेकर भगिनींनी विचारले आहे की, इंग्रजी पाककृतींत येणाऱ्या ‘स्पॅचुला’ या शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे. त्यांच्या माहेरी उलथने, नागपूरच्या जाऊबाईंकडे सराटा आणि सासूबाईंच्या तोंडी तवेथा, असे तीन शब्द एकाच स्वयंपाकघरात नांदत आहेत. ज्या केकच्या कृतीवरून हा प्रश्न निघाला तिच्यात मात्र मिश्रण स्पॅचुल्याने ‘फोल्ड’ करावयास सांगितले आहे, आणि ते काम या तिन्ही नावांच्या त्या एका वस्तूने होईना. तवेथा हा शब्द मराठी लिहिताना चालेल काय, असा त्यांचा उपप्रश्नही आहे.

मूळ अडचण अशी की, इंग्रजी शब्द आकार सांगतो आणि आपला शब्द काम सांगतो. ग्रीकमध्ये ‘स्पाथी’ म्हणजे कोणतेही रुंद, चपटे पाते. मग ते विणकराचे वाणा ठोकण्याचे लाकूड असो, वल्ह्याचे टोक असो वा खांद्याचे हाड असो. लॅटिनमध्ये त्याचे ‘स्पाथा’ झाले आणि रोमन घोडेस्वारांच्या लांब तलवारीलाही तेच नाव पडले. या स्पाथाचे लघुत्वदर्शक रूप म्हणजे स्पॅचुला, अर्थात लहानसे चपटे पाते. फ्रेंचमधील खांद्याचा वाचक शब्द याच घराण्यातला असल्यामुळे लष्करी गणवेशाच्या खांद्यावरची झालरदार एपोलेट ही आपल्या उलथन्याची दूरची नातेवाईक ठरते. बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या थापट्या बदकाच्या प्रजातीचे शास्त्रीय नावही स्पॅचुलाच आहे. त्याची चोच पुढे पसरट होत गेलेली पाहिली की हे नाव का पडले ते कोणालाही समजावे. आपल्या लोकांना त्याच चोचीत थापटण्याची क्रिया दिसली, ही गोष्ट मला या प्रश्नाच्या संदर्भात फार बोलकी वाटते.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो औषधे बनविणाऱ्यांकडून. मलम घोटणे, ते फडक्यावर पसरणे यासाठी लागणारी पट्टी म्हणजे स्पॅचुला. माझीही या शब्दाशी पहिली ओळख स्वयंपाकघरात झाली नाही, ती महाविद्यालयाच्या रसायनशाळेत झाली. बाटलीतून चिमूटभर क्षार काढून तराजूवर ठेवण्याची ती वीतभर लांबीची पोलादी पट्टी घेऊन वर्षभर काम केल्यावर, कोणी स्पॅचुल्याने धिरडे उलटतात हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आवरले नव्हते.

पाककृतींतील घोटाळ्याचे आणखी एक कारण इंग्रजीच्या पोटात आहे. तव्यावरचा पदार्थ उलटण्याच्या, बहुधा फटी असलेल्या साधनाला ब्रिटनमध्ये ‘फिश स्लाइस’ म्हणतात. मग तेथे त्याने मासा उलटोत की अंडे, आणि आपल्याकडे एखाद्या शाकाहारी घरात त्याने थालीपीठ उलटले जावो. तेथे स्पॅचुला म्हटले की प्रामुख्याने मिश्रण कालवण्याची वा पसरण्याची मऊ, लवचीक पट्टी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र दोन्ही वस्तूंना सर्रास स्पॅचुला म्हणतात. म्हणून कृती कोणत्या देशातल्या लेखकाची आहे आणि शब्दाशेजारी क्रियापद कोणते आहे, हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द ठरवता येत नाही.

आता आपले शब्द. ज्याने लाटायचे ते लाटणे, किसायचे ती किसणी, गाळायचे ती गाळणी. त्याच रीतीने ज्याने उलथायचे ते उलथणे, आणि रूढ उच्चारात व लेखनात उलथने. उलथापालथ आणि पालथा ही याच बिऱ्हाडातली मंडळी. ‘इतका वेळ कुठे उलथला होतास?’ असे आई रागाने विचारते तेव्हाही शब्द तोच असतो, फक्त हातात उलथने असले म्हणजे त्याला धार चढते. मुंबई-कोकणाकडचा कालथा आणि विदर्भातला सराटा हे त्याचेच प्रांतोप्रांतीचे जोडीदार होत. सराटा म्हणजे गोखरूचा काटा असे समजणाऱ्या पुणेकर सुनेला, ‘सराट्याने पोळी उलट’ हे वाक्य ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. झारा मात्र या यादीत बसवू नये, कारण त्याचे काम तेलातून पदार्थ निथळून काढण्याचे आहे.

गुजराती तवेथोने तिसरीच वाट धरली. त्याचे नाते ‘तवो’ या शब्दाशी आहे, म्हणजे हे नाव आकारावरून वा कामावरून पडलेले नसून ज्या भांड्याच्या सोबतीने ते वापरले जाते त्यावरून पडले आहे. बडोद्याच्या मराठी घरांनी तो शब्द नुसता उचलला नाही, तर त्याला आपल्या व्याकरणात बसवून घेतले. अंत्य ‘ओ’चा ‘आ’ झाला, आणि घोडा-घोड्याने या चालीवर तवेथा-तवेथ्याने अशी रूपे होऊ लागली. दांडिया बाजारातली एखादी आजी ‘तवेथ्याने कडा सोडवून घे, मग उलट’ असे म्हणते तेव्हा त्या वाक्यात परके असे काहीही उरलेले नसते. याच बडोदा संस्थानातून 1931 साली राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश निघाला. परंतु तवेथ्यासारखे शब्द कोणत्याही कोशमंडळाची वाट न पाहता चुलीपाशीच आपले आपण ठरून गेले. तेव्हा बडोद्यातल्या घराविषयी लिहिताना तवेथा खुशाल लिहावा. पुण्यातल्या वाचकासाठी कृती लिहावयाची असेल तर उलथने बरे, इतकेच.

राहिला केकचा प्रश्न. तेथे उलथने, सराटा, तवेथा यांपैकी एकही शब्द लावू नये, कारण तेथे उलथण्याची क्रियाच नाही. फेसलेल्या मिश्रणातली हवा जाऊ न देता ते खालून वर हलकेच कालवावयाचे असते, आणि मग भांड्याच्या कडांना लागलेले सगळे पुसून काढावयाचे असते. या दुसऱ्या क्रियेला आपल्याकडे निपटणे हा नेमका शब्द आहे. पातेल्यातले शेवटचे श्रीखंड बोटाने निपटून घेतलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. किसणी-गाळणीच्या धर्तीवर या रबरी वा सिलिकोनच्या पट्टीला ‘निपटणी’ म्हणावे, असे मी सुचवीन. शब्द नवा आहे, पण घडण जुनीच आहे. मग त्या कृतीतले वाक्य असे होईल: ‘मैदा थोडा थोडा घालून निपटणीने खालून वर हलक्या हाताने कालवावा.’

ज्यांना निपटणी रुचणार नाही त्यांनी स्पॅचुला हाच शब्द ठेवावा, मात्र त्याचे सामान्यरूप करण्यास लाजू नये. कॅमेरा-कॅमेऱ्याने आपण म्हणतोच, तसे स्पॅचुला-स्पॅचुल्याने. सासूबाईंचा लोखंडी तवेथा मात्र केकच्या भांड्यात घालू नये. वर्षानुवर्षे तवा खरवडून त्याचा एक कोपरा झिजून धारदार झालेला असतो, आणि नॉनस्टिक भांड्याचा लेप तेवढ्यानेही निघतो.